आधी डॉक्टर उतरू द्या

बोरघाटाच्या उतारावर भाजीचा टेम्पो उलटला होता. जानेवारीतली सकाळ, साडेआठ वाजून गेलेले. ढोबळी मिरची लेनभर पसरलेली आणि क्लीनर मुलगा केबिनच्या पत्र्याखाली. खोपोलीची स्वयंसेवक पोरं आमच्या रुग्णवाहिकेच्या आधी पोचली होती. त्यांनी पहारीने पत्रा उचलला, आम्ही मानेला कॉलर लावून मुलाला स्पाइन बोर्डवर घेतलं. डोक्याला मार, छातीला मार. सुरुवातीला हाक मारली की डोळे उघडायचा, मग तेही थांबलं. जवळच्या रुग्णालयात सलाइन लागली, सीटी स्कॅन झाला आणि कागदावर नेहमीचं वाक्य उमटलं: न्यूरोसर्जन उपलब्ध नाही, पुढे न्यावे.

पुढे म्हणजे मुंबई. अटल सेतू तेव्हा नव्हता. कळंबोली, खारघर, वाशी, खाडीपूल, मानखुर्द. डाव्या हाताने जबडा वर ओढून तोंडावर मास्क घट्ट धरायचा, उजव्या हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबायची, पाच-सहा सेकंदांनी एकदा. वाशी येईपर्यंत माझा डावा अंगठा बधिर झाला होता. मानखुर्दला गाडी जागच्या जागी उभी राहिली. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला दहा हजारांचा दंड आहे, पण तिथे अडवत कुणीच नव्हतं. समोरच्या रिक्षावाल्याला बाजूला व्हायला जागाच नव्हती. मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ९४ वरून ८८ वर आलं, मग ८२ वर. तोंडात रक्त साचलं की सक्शन लावायचं, आणि तेवढा वेळ श्वास बंद. मुलाचा मोठा भाऊ पायाशी बसला होता. त्याने विचारलं, "ताई, हेलिकॉप्टर नाही का हो मिळत?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. मुलगा वाचला. त्याची वाचा परत आली नाही.

रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काही वर्षं काढल्यावर त्या प्रश्नाचं माझं उत्तर आता पक्कं झालं आहे. हेलिकॉप्टर त्या सकाळी हवंच होतं. ते खोपोलीत यायला हवं होतं, आणि त्यातून एक असा माणूस उतरायला हवा होता जो रस्त्याच्या कडेला, धुळीत गुडघे टेकून, भूल देऊन त्याच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकू शकला असता. नंतर तो मुलगा आमच्याच गाडीतून मुंबईला गेला असता तरी चाललं असतं.

डोक्याला मार लागतो तेव्हा मेंदूला दोनदा इजा होते. पहिली पत्रा लागतो त्या क्षणी, तिच्यावर कुणाचाच इलाज नाही. दुसरी त्यानंतरच्या तासा-दोन तासांत, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे आणि रक्तदाब कोसळल्यामुळे. ही दुसरी इजा टाळता येते, आणि रुग्णालयात पोचल्यावर ती टाळायला बरेचदा उशीर झालेला असतो. छातीत हवा कोंडून फुप्फुस दबलं असेल, पोटात रक्तस्राव होत असेल, तरी गणित तेच. आपण मात्र सगळी शर्यत रुग्णालय गाठण्याची लावतो. आपली भाषाही तशीच झाली आहे. वर्तमानपत्रात येतं, "जखमींना एअरलिफ्ट करण्यात आले." उचलून नेलं म्हणजे काम झालं, असं त्या शब्दातच गृहीत आहे.

लंडनची हवाई रुग्णवाहिका १९८९ मध्ये सुरू झाली. तिथे एक डॉक्टर आणि एक प्रशिक्षित पॅरामेडिक हेलिकॉप्टरने अपघाताच्या जागी पोचतात. ते उतरतात तेव्हा रस्त्यावरची रुग्णवाहिका बहुधा आधीच तिथे असते. तिच्या माणसांनी रक्त थांबवलेलं असतं, मान स्थिर केलेली असते. डॉक्टर त्यांच्या खांद्याला खांदा लावून पुढचं काम करतो: भूल देणं, ट्यूब टाकणं, छाती उघडून कोंडलेली हवा मोकळी करणं. २०१२ पासून ते सोबत रक्तही नेतात. मग बहुतेक जखमी रस्त्यानेच रुग्णालयात जातात आणि डॉक्टर त्यांच्याबरोबर रुग्णवाहिकेत बसतो. हेलिकॉप्टर मागाहून रिकामं परततं. रात्री तर हीच टीम हेलिकॉप्टर बाजूला ठेवून मोटारीने जाते. जर्मनीत १ नोव्हेंबर १९७० ला म्युनिकमध्ये 'क्रिस्टोफ १' हे हेलिकॉप्टर सुरू झालं, त्यामागचा विचारही हाच होता: रुग्णवाहिका तिच्या वाटेने येईल, डॉक्टर आकाशातून येईल, आणि दोघं जखमीपाशी भेटतील.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती एक खुर्ची. लंडनमध्ये या टीममधला एक पॅरामेडिक रुग्णवाहिका सेवेच्या नियंत्रण कक्षात बसतो. दिवसभर येणाऱ्या कॉल्सवर त्याचा डोळा असतो, आणि हेलिकॉप्टर कुठे पाठवायचं हे तो ठरवतो. "गाडीखाली माणूस अडकलाय" आणि "पाय मुरगळलाय" यांतला फरक त्याला फोनवरच्या आवाजावरून कळतो, कारण तो स्वतः रस्त्यावर काम केलेला असतो. हेलिकॉप्टर विकत घेता येतं. ही खुर्ची मात्र वर्षानुवर्षांच्या कामातूनच तयार होते.

आता मुंबईकडे वळू. इथे "एअर ॲम्ब्युलन्स" म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते भाड्याचं विमान. नातेवाईक फोन करतात, लाखांतला आकडा ठरतो, पैसे जमा होतात, मग नागपूरचा किंवा रायपूरचा रुग्ण व्हेंटिलेटरसह इथल्या मोठ्या रुग्णालयात येतो. ही सेवा गरजेची आहे, ती देणाऱ्यांचं कौशल्यही मोठं आहे. पण तिचा रस्त्यावरच्या अपघाताशी काहीही संबंध नाही. घाटात पडलेल्या क्लीनरसाठी कोण कुठे फोन करणार आणि आगाऊ रक्कम कोण भरणार? तरीही मोठा अपघात झाला की "हवाई रुग्णवाहिका सुरू करू" अशी घोषणा होते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात चित्र उभं राहतं ते याच विमानाचं.

मुंबई शहराच्या आत हेलिकॉप्टरचा आग्रह धरणं मला चुकीचं वाटतं. इथे उतरायला जागा नाही. मैदानांवर मंडप असतात, गल्ल्यांवर तारा आणि केबलची जाळी, चाळींवर पत्रे. पात्यांचा वारा एक सुटा पत्रा उडवून दुसराच अपघात घडवेल. शिवाय अगदी शेजारी देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आहे. शहरात डॉक्टर पोचवायला मोटारसायकल बरी, आणि २०१७ मध्ये १०८ सेवेने मुंबईत दुचाकी रुग्णवाहिका रस्त्यावर आणल्या तेव्हा तेच ओळखलं होतं. लोकलच्या रुळांवर या महानगरात वर्षाला दोन हजारांहून अधिक जीव जातात. त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर कामाचं नाही, त्यांना फलाटावर मिनिटभरात पोचणारी माणसं लागतात.

पण शहराची वेस ओलांडली की चित्र पालटतं. जुहू ते खोपोली सरळ रेषेत साधारण ६५ किलोमीटर आहे. ताशी दोनशेच्या वेगाने वीस मिनिटं. जव्हार शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अर्धा तास. महाडला चाळीस मिनिटं. याच वर्तुळात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आहे, कसारा घाट आहे, मुंबई-गोवा महामार्ग आहे, आणि पालघरचे ते पाडे आहेत जिथून अडलेल्या बाळंतिणीला आजही झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तज्ज्ञ मुंबईत आणि जखमी वर्तुळाच्या कडेला, अशी ही विभागणी आहे. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ विनायक मेटे यांच्या गाडीला अपघात झाला. तासभर मदत मिळाली नाही, असं त्यांच्या चालकाने सांगितलं तेव्हा राज्यभर चर्चा झाली. ते नेते होते म्हणून ती चर्चा तरी झाली. ट्रकवाल्यांची होत नाही.

उडण्याची विद्या मुंबईला नवी नाही. जुहूचं विमानतळ १९२८ चं. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रावर, किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत, कामगारांची ने-आण इथूनच हेलिकॉप्टरने अनेक दशकं चालू आहे. कुलाब्याला नौदलाचा 'आयएनएस शिक्रा' हा हेलिकॉप्टर तळ आहे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ जणांचा जीव गेला, त्या संध्याकाळी शोधासाठी नौदलाची हेलिकॉप्टर्स लगेच हवेत होती. वैमानिक आहेत, दुरुस्तीची माणसं आहेत, हवामान वाचणारे आहेत. जुहूच्या धावपट्टीपासून कूपर रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. हे सगळं एका धाग्यात ओवलेलं नाही, इतकंच. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. तिथे एक हेलिकॉप्टर तयार ठेवलं तर घाट आणखी जवळ येईल.

हेलिकॉप्टरच्या मर्यादा लपवून त्याची बाजू मांडणं मला मान्य नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. हेलिकॉप्टर सज्ज ठेवली होती, पण ढग आणि पावसामुळे ती उडूच शकली नाहीत. बचावपथकं चिखलातून पायी डोंगर चढली. त्या चढणीत अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर असे कित्येक दिवस येतात, की ज्या दिवशी हेलिकॉप्टरची गरज सर्वांत जास्त असते त्याच दिवशी ते जमिनीवर असतं. रात्रीचंही तसंच. आणि घाटातले कितीतरी अपघात रात्रीचे, पहाटेचे असतात, चालकाला डुलकी लागण्याच्या वेळेचे.

धोकाही खरा आहे. जानेवारी २०१८ मध्ये जुहूहून तेलक्षेत्राकडे निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं आणि सात जण गेले. ऋषिकेशच्या एम्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेली-रुग्णवाहिका सुरू केली. १७ मे २०२५ ला रुग्णाला आणायला गेलेलं त्यांचं हेलिकॉप्टर केदारनाथला उतरताना कोसळलं. आतले सगळे सुदैवाने बचावले. म्हणून उडू नये, असं मी म्हणणार नाही. मात्र हवामान खराब असताना "नाही" म्हणण्याचा पूर्ण अधिकार वैमानिकाला हवा, आणि तो निर्णय घेताना जखमी कोण आहे हे त्याच्या कानावरही जाता कामा नये. मंत्र्याचा मुलगा आहे की क्लीनर, हे कळलं की माणूस दबावाखाली येतो.

या मर्यादांमुळेच माझा मुद्दा उलट घट्ट होतो. हेलिकॉप्टर जर फक्त उचलून नेण्यासाठी घेतलं, तर पावसात, रात्री, धुक्यात ती सगळी गुंतवणूक निजलेली. डॉक्टर पोचवणारी टीम उभी केली, तर तीच टीम रात्री मोटारीत बसेल. पनवेल-कळंबोलीला ठाणं असेल तर खालापूरपर्यंत तिला फार वेळ लागणार नाही. पावसाळ्यात ती टीम महाडला, जव्हारला आधीच नेऊन ठेवता येईल. हेलिकॉप्टर हे तिच्या वाहनांपैकी एक वाहन असेल, स्वच्छ दिवसाचं आणि लांबच्या अंतराचं.

महाडचंच उदाहरण घ्या. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरायला सुरुवात केली आणि कोकणात विंचू चावून मरणारी माणसं वाचू लागली. त्यासाठी कुणाला मुंबईला न्यावं लागलं नाही. औषध आणि ते केव्हा द्यायचं याची जाण रोग्यापाशी होती. अपघातातल्या जखमीला लागणारी जाण एका गोळीत मावत नाही, म्हणून ती माणसाच्या रूपात पाठवावी लागते.

रस्त्यावरच्या टीमची बाजू इथे नीट सांगायला हवी, कारण या चर्चेत ती कुणाला आठवत नाही. २६ जानेवारी २०१४ ला राज्यात १०८ सेवा सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक, ७०४ प्राथमिक जीवरक्षक. प्रत्येक गाडीत डॉक्टर, हे महाराष्ट्राचं वैशिष्ट्य. तिथे ड्रायव्हरला "पायलट" म्हणतात, आणि घाटात भरधाव ट्रकांमधून गाडी काढताना त्याला पाहिलं की तो शब्द पटतो. डॉक्टर बहुतेक बीएएमएस, मीही त्यांच्यातलीच. आम्ही बाळंतपणं करतो, सर्पदंश सांभाळतो, हृदयविकाराचा झटका ओळखतो. पण दर महिन्याला एक-दोनदाच गरज पडणारी ट्यूब, तीही पालथ्या गाडीत, हा हातखंडा भूलतज्ज्ञाचा. तो रोज ऑपरेशन थिएटरमध्ये तेच करतो. ९३७ गाड्यांमध्ये ९३७ भूलतज्ज्ञ बसवणं कुणालाच शक्य नाही. पाच-सहा टीमना मात्र तसं प्रशिक्षण देता येईल, आणि त्यांना विस्तीर्ण वर्तुळ सांभाळायचं तर वेगवान वाहन लागेलच. हेलिकॉप्टरची गरज इथे उभी राहते.

उलटी भीतीही मला वाटते. हेलिकॉप्टर आलं की फोटो येतात, फीत कापली जाते, आणि पुढच्या अर्थसंकल्पात जमिनीवरच्या गाड्यांच्या टायरला, बॅटरीला पैसे कमी पडतात. तसं होणार असेल तर हेलिकॉप्टर नको, असं मी स्पष्ट म्हणेन. आकाशातून उतरलेल्या डॉक्टरला हात द्यायला खाली शिकलेली माणसं नसतील तर तो एकटा काय करणार? इंजिनच्या आवाजात स्टेथोस्कोपने छाती ऐकू येत नाही. केबिनमध्ये सरळ बसून छाती दाबायला जागा नसते. छातीत कोंडलेली हवा उंचीवर आणखी फुगते. म्हणजे जखमीला वर न्यायचंच असेल तरी त्याची तयारी खालीच पुरी करावी लागते, आणि ती तयारी रस्त्यावरची टीम करते. मान धरायची, कपडे कापायचे, दोन शिरांत सुया लावायच्या, काय घडलं हे तीस सेकंदांत सांगायचं. दोन्ही टीमनी महिन्यातून एकदा तरी एकत्र सराव केला नाही तर पहिल्या खऱ्या कॉलला कोण कुणाची वाट पाहतंय तेच कळणार नाही.

पैशाचा प्रश्न नेहमी शेवटी फेकला जातो, जणू त्याने चर्चाच संपते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने "गोल्डन अवर"ची व्याख्या कायद्यात आणली: इजा झाल्यापासूनचा एक तास. ५ मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोकडरहित उपचार मिळण्याची योजना लागू झाली. पैसा मागण्याआधी जीव वाचवायचा, हे तत्त्व सरकारने मान्य केलं आहे. मग तेच तत्त्व रुग्णालयाच्या दारापाशी का सुरू व्हावं? ज्या तासाला कायद्याने नाव दिलं, तो तास तर रस्त्यावर जातो. हेलिकॉप्टर-डॉक्टर सेवा १०८ च्याच नियंत्रण कक्षातून चालली पाहिजे. बोलावणारा हात नातेवाइकांचा नसून जागेवरच्या टीमचा किंवा त्या खुर्चीतल्या माणसाचा असला पाहिजे, आणि बिल कुणाच्याही घरी जाता कामा नये. पथकराच्या उत्पन्नातून द्रुतगती मार्गावरच्या सेवेला काही हिस्सा देणं मला न्याय्य वाटतं. ज्या रस्त्यावर टेम्पोवाला टोल भरतो, त्याच रस्त्यावर तो पडतो.

अवयव वाचवण्यासाठी हे शहर रस्ता मोकळा करू शकतं, हे आपण पाहिलं आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून आणलेलं हृदय विमानतळावरून मुलुंडच्या रुग्णालयात नेताना पोलिसांनी चौकाचौकांत वाहतूक थांबवली होती. ते नियोजन पूर्वसूचनेवर जमलं. रोजच्या अपघाताला पूर्वसूचना नसते, म्हणून त्याचं नियोजन आधीच करून ठेवावं लागतं. कुठे उतरायचं, तारा कुठे आहेत, गर्दी कोण हटवणार, पाणी कोण मारणार म्हणजे धूळ उडणार नाही.

उतरायच्या जागांच्या बाबतीत आम्ही एक छोटं काम केलं आहे. त्या टेम्पोच्या अपघातानंतर मी आणि आमच्या पायलटने, मी त्यांना मामा म्हणते, ड्युटी संपल्यावर परतताना खालापूर ते पळस्पे फाट्यापर्यंतची मोकळी मैदानं पाहायला सुरुवात केली. मामा पावलांनी लांबी-रुंदी मोजायचे, मी लिहायचे. शाळेचं मैदान, पंचेचाळीस पावलं बाय साठ, पूर्वेला विजेच्या तारा, गेट दक्षिणेला, स्ट्रेचर जातं. भाताचं खाचर, फेब्रुवारी ते मे कोरडं, बांधावर एकच आंबा. बंद पडलेल्या वीटभट्टीची जागा, राख फार, नको. हायस्कूलचं पटांगण, किल्ली शिपाईकाकांकडे, घर मागेच. अशी एकोणीस ठिकाणं झाली. मामा निवृत्त झाले. वही माझ्याकडे आहे, निळ्या पुठ्ठ्याची. त्यातल्या काही मैदानांवर आता इमारती उभ्या राहिल्या असतील, ती पुन्हा जाऊन पाहावी लागतील. ज्या दिवशी कुणी ही सेवा खरोखर उभी करायला घेईल, त्या दिवशी मी ती वही घेऊन येईन, आणि मामांनाही घेऊन येईन. कुठल्या मैदानाचं गेट कुठल्या बाजूला उघडतं, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे.